दहावा की बारावा

१३ मे

आत्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी खुर्चीत बस, चष्मा लाव, मग पुढे वाच.

बसलीस? मला दिवस गेले आहेत. आठ आठवडे झाले. बसवाल्याला माहीत आहे (तुझ्या जावयाला हे नाव तूच दिलंस, आता तो स्वतःही फोनवर तेच सांगतो), आणि आज तुला कळलं. घरातल्या तिसऱ्या माणसाला नाही. आईलासुद्धा नाही.

फोन केला नाही, कारण तुला फोनवर सांगायचं म्हणजे ओरडावं लागतं आणि आमच्या भिंती पातळ आहेत. तुला ऐकू जाईपर्यंत चारही मजल्यांनी पेढे मागितले असते.

गेल्या वर्षी तुला आधी सांगितलं नाही, नंतर कळवलं, त्यावरून तू रागावलीस. तू लिहिलं होतंस, "चौतीस वर्षं प्रसूतीकक्षाची मेट्रन होते, आणि घरातल्याच पोरीची बातमी मला सगळं संपल्यावर कळते." ते वाक्य मी विसरले नाही. म्हणून या वेळी तुझा नंबर पहिला. गेल्या खेपेला आईने आनंदाच्या भरात सव्वीस जणांना फोन करून सांगितलं (तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू तेवढी राहिलीस), आणि दहाव्या आठवड्यात सगळं संपल्यावर त्याच सव्वीस जणांना तिला पुन्हा सांगावं लागलं. मी पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज ऐकत होते. तसं पुन्हा नको. बारा आठवडे पूर्ण होऊन सोनोग्राफी झाली की मगच तोंड उघडायचं असं आम्ही ठरवलं आहे. अठरा जूनची तारीख घेऊन ठेवली आहे. तोवर मी त्या रुग्णालयाची पायरी चढणार नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात त्या घेते.

बाकी हाल विचारू नकोस. माझी नोकरी नाकाची, आणि नाकच बिथरलंय. आमच्या साबणाच्या कारखान्यात अकरा माणसं, त्यांतली मी एकटी वास तपासणारी. प्रत्येक घाण्याची वडी नाकाशी धरून "चालेल" किंवा "नाही चालणार" सांगायचं. सध्या मला फाटकापासूनच आतल्या माणसाने सकाळी काय खाल्लं ते कळतं. बसवाल्याच्या गणवेशाला डिझेलचा वास येतो म्हणून तो बिचारा जिन्यातच शर्ट बदलतो. शेजारीण त्याच्याकडे संशयाने बघते.

पुढचे चार आठवडे काय काय होईल ते लिही. पुस्तकातलं नको, तू डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

तुझी नकटी


१७ मे

नकटे,

बसूनच वाचलं. मग उठून खिडकी उघडली आणि पुन्हा बसून वाचलं. आनंद झाला हे वेगळं लिहायला नको, पण लिहिते. फार आनंद झाला.

आता कान उघड. म्हण आहे, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तुझं लग्न बिनबोभाट पार पडलं, म्हणून ती विघ्नं तू बाळंतपणासाठी शिल्लक ठेवलेली दिसतात. पायरी चढणार नाही म्हणजे काय? रुग्णालयाने तुझं काय घोडं मारलंय? नाव नोंदवायचं असतं, रक्त तपासायचं असतं, रक्तदाब बघायचा असतो. भीती वाटते हे मला कळतं. भीती वाटणाऱ्या बायका मी रोज पाहिल्या. पण पायरी न चढल्याने भीती कमी झालेली एकही पाहिली नाही.

तू विचारलंस ते सांगते. थकवा येईल, दुपारी चारला दिवा मालवल्यासारखी झोप येईल. घे. लघवीला सारखं जावं लागेल, विशेषतः तू नुकतीच जाऊन आलेली असशील तेव्हा. पोट साफ होणार नाही, पाणी पी. छाती जड होईल. रडू येईल, कारण शोधत बसू नकोस. उठल्या उठल्या बिछान्यातच कोरडं बिस्कीट खा, मग पाय खाली टाक. एका वेळी पोटभर जेवू नकोस, दर दोन तासांनी थोडं खा. बारावा आठवडा सरता सरता मळमळ उतरायला लागते, भूक परत येते, चेहऱ्यावर पाणी येतं. गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर डोकं काढतं.

रक्त दिसलं किंवा पोटात कळा आल्या, तर मला पत्र लिहीत बसू नकोस. सरळ रुग्णालय गाठ.

पुस्तकं वाचू नकोस. गर्भ या आठवड्यात लिंबाएवढा, त्या आठवड्यात मोसंब्याएवढा असं त्यांत लिहिलेलं असतं. मी एवढी वर्षं प्रसूतीकक्षात काढली, एकही लिंबू जन्माला आलेलं पाहिलं नाही.

वहिनीला न सांगण्याबद्दल माझं मत विचारू नकोस. विचारलंस तर देईन.

आत्या


२२ मे

आत्या,

बिस्किटाचा उपाय लागू पडला. बिछान्यात चुरा पडतो आणि बसवाला म्हणतो, मुंग्यांचंही डोहाळजेवण होतंय, होऊ दे.

कारखान्यात मात्र मोठी फजिती झाली. गेल्या पंधरवड्यात मी लागोपाठ तीन घाणे नापास केले. तिन्हींना खवट वास. मालकीणबाई घाबरल्या. आमच्याकडे साबण शिजवत नाहीत. तेल कोमट करायचं, त्यात क्षाराचं पाणी घालून ढवळायचं, साच्यात ओतायचं, दुसऱ्या दिवशी लादी कापून वड्या करायच्या आणि फळ्यांवर मांडून सहा आठवडे वाळवायच्या. तेल बिघडलेलं असलं तर सहा आठवड्यांची मेहनत मातीमोल. त्यांनी तेलाचे सगळे पिंप उघडले. पहिल्या दोन घाण्यांचा पिंप खरोखर बिघडायला लागला होता. कोणाच्याही नाकाला कळण्याआधी मी पकडला! मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्याचा पिंप मात्र ठणठणीत. ढवळ्या तर हट्टालाच पेटला. (आमचा ढवळणारा कारागीर. आयुष्यभर कढई ढवळतोय, म्हणून ढवळ्या.) म्हणाला, "ताई, माझ्या घाण्यात खोट काढायची नाही. परत हुंगा." मी परत हुंगलं. "खवटच आहे." "परत हुंगा!" तो वाकून वडी माझ्या नाकाशी धरून उभा. तेव्हा उलगडा झाला. खवट वास घाण्याला नव्हता, त्याच्या डोक्याला होता. टक्कल जावं म्हणून त्याने कुठलंसं नवं तेल लावायला सुरुवात केली आहे. आता काय सांगणार? "चालेल" म्हटलं आणि मागच्या दाराने बाहेर पळाले. पाण्याच्या टाकीमागे जे व्हायचं ते झालं.

लादी कापणारी बाई तिथेच हात धूत होती. तिच्या खिशात सदा लोखंडी पट्टी असते, म्हणून तिचं नावच पट्टी पडलंय. तिने बघितलं आणि म्हणाली, "आज ऊन फार आहे." आकाश भरलेलं होतं. मी म्हटलं, "हो ना."

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे थकवा, रडू, लघवी, सगळं वेळच्या वेळी हजर होतं. मी भिंतीवर खडूने आठवडे मांडते आहे. मोजायला अवघड नाही. बसवाल्याला आणि मला एकदम सुटी मिळते ती वर्षातून दोनदा. या खेपेला ती अठरा मार्चला मिळाली होती, तेव्हा तारखेबद्दल वाद नाही. लाजायचं काय तुझ्यापुढे.

म्हणजे आता नऊ संपून दहावा लागला. गेल्या वर्षी हाच होता. मी विचार करत नाही. सकाळी उठून ओकारी आली की बरंच वाटतं. आहे ना अजून, असं वाटतं.

नकटी

ता. क. नाव नोंदवलेलं नाही. रागावू नकोस. अठरा जूनला सगळं एकदम करते.


२६ मे

नकटे,

त्या टकल्याच्या तेलावर मी एवढी हसले की खालच्या मजल्यावर चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले वर येऊन दार ठोठावून गेले. त्यांना वाटलं, मला धाप लागली. हसताना मला त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

बिघडलेलं तेल वेळेत पकडलंस, शाबास. गरोदर बाईच्या नाकावर विश्वास ठेवावा हे मी मालकीणबाईंना लेखी द्यायला तयार आहे.

आता दहाव्याबद्दल. गेल्या वर्षीचा दहावा वेगळा आणि हा वेगळा. दहाव्यात मळमळ भरात असते. नाकाचा, पोटाचा आणि रडण्याचा जोर सगळ्यात जास्त याच सुमारास. तेव्हा ओकारी आली की बरं वाटतं हे तुझं म्हणणं मला पटतं. चालू दे. या आठवड्यात ती एकाएकी थांबली तर मात्र मला ते आवडणार नाही, तसं झालं तर लगेच डॉक्टरला दाखव आणि मला कळव. बाराव्याच्या अखेरीला थांबली तर उत्तम.

नाव नोंदव. तिसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

आत्या


३० मे

आत्या,

थांबली.

परवा सकाळी उठले, बिस्कीट घ्यायला हात लांब केला आणि लक्षात आलं की नको आहे. पोट शांत. बसवाला स्वयंपाकघरात अंडी तळत होता, त्या वासाने मी एरवी खिडकी गाठते. परवा मी जाऊन त्याच्या ताटातलं अर्धं अंडं खाल्लं. त्याने आनंदाने उडी मारली. "उतरला की त्रास!" म्हणाला. मी त्याच्याकडे बघून हसले. त्याला तुझं पत्र दाखवलेलं नाही. तुला आवडणार नाही असं तू लिहिलं होतंस, ते वाक्य त्याने वाचलेलं नाही.

काल आणि आजही तसंच. कारखान्यात ढवळ्या माझ्या शेजारून गेला, मला काही कळलं नाही. वडी नाकाशी धरली तर साधी वडी. दुपारी झोप आली नाही. रात्री एकदाच उठले. गाढ झोपले होते आत्या, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. आणि जाग आल्याबरोबर पहिला विचार आला तो गेल्या वर्षीचा. तेव्हाही दोन दिवस असंच बरं वाटलं होतं.

रक्त नाही. कळा नाहीत. खडूने मांडलेल्या रेघा मोजल्या. दहा आणि वर तीन दिवस. बाराव्याला अजून दीड आठवडा आहे. म्हणजे लवकर थांबली.

लगेच डॉक्टरला दाखव असं तू लिहिलं आहेस. आज सकाळी मी निघाले होते. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत गेले. तिथे एक म्हातारा माणूस झाडांना पाणी घालत होता, त्याच्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिले आणि परत आले. माझं गणित सांगते, चिडू नकोस. आत गेले तर कळेल. न गेले तर अठरा जूनपर्यंत ते आहे. मला तेवढे दिवस हवे आहेत. अठराला जे असेल ते असेल, तोवर मी आई आहे.

हे कोणाला सांगता येत नाही म्हणून तुला लिहिलं.

नकटी


२ जून, सकाळ

नकटे,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. नीट वाच आणि एकेक ओळ पूर्ण वाचल्याशिवाय पुढच्या ओळीवर उडी मारू नकोस.

चूक झाली आहे. अर्धी तुझी, अर्धी माझी. माझी अर्धी मोठी.

तुझं पत्र आल्यावर मी तुझी सगळी पत्रं टेबलावर मांडली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून पेन्सिलीने मोजायला बसले. हे मी पहिल्या पत्रालाच करायला हवं होतं. शिकाऊ मुलीने तारीख न विचारता आठवडा लिहिला असता, तर मी तिला तास तास उभं केलं असतं. मी स्वतः आनंदात वाहवत गेले आणि तू सांगितलेला आकडा तसाच धरून चालले. तुझ्या दुसऱ्या पत्रात अठरा मार्च लख्ख लिहिलेलं होतं. त्या टकल्याच्या नादात मी ते वाचून पुढे गेले.

तू आठवडे अठरा मार्चपासून मोजते आहेस. तुमच्या कारखान्यात वडीचं वय कसं मोजतात ते मला आठवलं. तिथे पहिल्यांदा आले होते तेव्हा तूच मला फळ्या दाखवून समजावलं होतंस, "आत्या, तेल, क्षार, ढवळणं, ते सगळं शून्य. लादी कापली त्या दिवसापासून वय धरायचं." साबणाला ते ठीक आहे. जगातल्या यच्चयावत डॉक्टर आणि सुइणी गर्भाचं वय त्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे साधारण दोन आठवडे आधीपासून. तेल कोमट व्हायला लागलं तिथपासून म्हण. मी सांगितलेले सगळे आकडे त्या मोजणीचे आहेत. सोनोग्राफीचेही.

तेव्हा तुझी पाळी चार मार्चच्या आसपास आली असणार. पत्र लिहिलंस त्या दिवशी तुझे दहा आणि तीन नव्हते, बारा आणि तीन होते.

आता श्वास घे.

बाराव्याच्या अखेरीला मळमळ उतरते हे मीच तुला लिहिलं होतं. ती वेळच्या वेळी उतरली आहे. इतके दिवस आईच्या शरीराने सांभाळलेलं काम आता बाळाची वार आपल्या हातात घेते, म्हणून भूक आणि झोप परत येते. सगळं ठीक आहे असं मी इथे बसून सांगणार नाही. न बघता मी कधी कोणाला तसं सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. पण जे झालं त्यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि "मला ते आवडणार नाही" असं जे मी ऐटीत लिहिलं, त्याने तुझे पाच दिवस नासले. माझं चुकलं. हे वाक्य मी नोकरीत कधी कोणाला लिहून दिलेलं नाही. तुला देते. जपून ठेव.

दुसरी गोष्ट. त्या पहिल्या मोठ्या सोनोग्राफीची वेळ अकरा आठवडे झाल्यापासून चौदा पूर्ण होईपर्यंत असते, तुझ्या बाबतीत नऊ जूनपर्यंत. अठराला गेलीस तर ती तपासणी निसटेल. म्हणून मी तुझ्या रुग्णालयात सात तारखेची सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. तिथली मुख्य परिचारिका माझ्या हाताखाली शिकलेली आहे. फोन मला ऐकू येत नाही, म्हणून चष्मेवाल्यांना बोलायला लावलं. "पोटातल्या बाळाची सोनोग्राफी, सात जून," ते मोठ्याने म्हणाले. पलीकडून "पेशंट कोण?" असं विचारलं गेलं असावं, कारण ते लाल होऊन म्हणाले, "मी नाही."

पाचपर्यंत पत्र पोचल्याचा तुझा फोन चष्मेवाल्यांना आला नाही तर सहाला ते तुला कारखान्यात फोन करून फक्त "साबण सातला, साडेनऊ" एवढंच सांगतील. तू माझी कोण ते मी त्यांना सांगितलेलं नाही, फक्त तुझं नाव दिलं आहे.

बसवाल्याला आज सगळं सांग. तुझ्या गणितात एक चूक आहे. न कळलेले दिवस तू एकटीने काढत होतीस. दोघांनी काढायचे असतात.

तू जाणार आहेस. मी विनंती करत नाही, सांगते आहे.

आत्या


७ जून

आत्या,

तेरा आठवडे चार दिवस.

आता क्रमाने सांगते, नाहीतर तू लाल शाईने "विस्कळीत" लिहून परत पाठवशील.

तुझं पत्र पाचला दुपारी आलं. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून वाचलं. "तेल कोमट व्हायला लागलं तिथपासून" इथे आल्यावर मी मटकन खालीच बसले. पट्टी धावत आली. मी तिला म्हटलं, "काही नाही, ऊन फार आहे." ती म्हणाली, "हो, आज खरंच आहे."

रात्री बसवाल्याला सगळी पत्रं वाचायला दिली. त्याने वाचली आणि घड्या घालून ठेवली. मग म्हणाला, "मी उड्या मारत होतो आणि तू हसून बघत होतीस?" आणि उठून भिंतीवर खडूने दोन रेघा वाढवल्या.

आज त्याने मधल्या खेपेची ड्यूटी दुसऱ्याला दिली आणि गणवेशातच आला. बाहेरच्या बाकावर बसलो. तीन माणसांनी त्याला विचारलं, बस किती वाजता सुटते. त्यानेही तिघांना व्यवस्थित सांगितलं. तुझी मुख्य परिचारिका आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मेट्रनबाईंची भाची ना? पाठ सरळ करा." तुझ्या हाताखाली शिकलेली, हे सांगावं लागलं नाही.

आत अंधार होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंड काहीतरी लावलं. मी पडद्याकडे बघितलं नाही, छताकडे बघत राहिले. छताला एक ओल आलेली जागा होती, तिचा आकार मी आता कागदावर काढून दाखवू शकते. बाई काही बोलेनात. यंत्र इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. बसवाल्याने माझी बोटं इतकी आवळली की दुखली.

मग बाई म्हणाल्या, "हट्टी आहे."

मी म्हटलं, "कोण?"

"कोण म्हणजे? हे. पाठ करून झोपलंय. मला मोजता येत नाही. खोका बघू जरा."

मी खोकले.

"अजून जोरात. छे, ढिम्म हलत नाही. उठा, बाहेर जाऊन दोन जिने चढून उतरून या."

आत्या, मी ते जिने कसे चढले ते सांगता येत नाही. बसवाला मागून ओरडतोय, "हळू! हळू!" आणि मी दोन दोन पायऱ्या घेते आहे. हट्टी आहे! पाठ करून झोपलंय! म्हणजे आहे. जे नाही ते हट्ट कसा करणार?

परत येऊन पडले तेव्हा मी पडद्याकडेच बघितलं. ते वळलं होतं. एक हात कपाळावर घेतला होता, उन्हात कोणी लांबचं बघताना घेतं तसा. पाय झाडत होतं. बाईंनी एक कळ दाबली आणि खोलीभर आवाज झाला. मला वाटलं, यंत्रात काहीतरी बिघडलं, इतका भरभर. बाई म्हणाल्या, "हृदय आहे. ते असंच धावतं." बसवाला आपल्या टोपीत तोंड घालून रडला. सात सेंटिमीटर चार मिलिमीटर. मान, नाकाचं हाड, पोट, हातपाय, सगळं बघितलं, सगळं ठीक. रक्त दिलं आहे, नाव नोंदवलं आहे. प्रसूतीची तारीख नऊ डिसेंबर.

बाईंनी विचारलं, "तुमच्या हिशोबाने किती आठवडे?" मी म्हटलं, "अकरा आणि चार. पण मी साबणाच्या कारखान्यात काम करते." त्यांनी कागदावर तेरा आणि चार लिहिलं.

तिथून सरळ कारखान्यात गेले. सगळ्यांना फळ्यांजवळ बोलावलं. "एक सांगायचं आहे," म्हटलं. मालकीणबाई म्हणाल्या, "सांग." दहाही चेहरे असे कोरे, की मलाच शंका आली. "मला दिवस गेले आहेत," म्हटलं. आणि जो गलका झाला! ढवळ्याने कढईवर पळी आपटली. पट्टी म्हणाली, "बाई गं, सुटलो! एप्रिलपासून जीभ चावून बसलोय." एप्रिलपासून! मी कढईकडे पाठ करून उभी राहायला लागले तेव्हाच त्यांना कळलं होतं. आपापसांत ठरवलं होतं, ती सांगेपर्यंत कोणी विचारायचं नाही. गेल्या वर्षी त्यांनाही परत ऐकावं लागलं होतं ना. अवघड डबे माझ्याआधी कोणीतरी उचलायचं, माझं टेबल खिडकीजवळ सरकलं होतं, आणि मला वाटत होतं, सगळं आपोआप होतंय.

आता आईकडे निघालो आहोत. ती दार उघडेल तेव्हा काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

तुझी, आणि आता दोन जिवांची,
नकटी


११ जून

नकटे,

तुझं पत्र आज आलं. त्याच्या आधी काल संध्याकाळी वहिनीचा चष्मेवाल्यांकडे फोन आला. त्यांनी मला खाली बोलावून फोन कानाला लावून दिला. ती म्हणाली, "वन्सं, बसला आहात का? तुम्हाला एक बातमी सांगायची आहे, पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय." मी म्हटलं, "सांग." तिने सांगितलं. मी म्हटलं, "काय? ऐकू आलं नाही." तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "मोठ्याने सांग." तिसऱ्यांदा ती इतक्या आनंदाने ओरडली की दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. मला पहिल्या वेळेलाच सगळं कळलं होतं. पण तिला तिन्ही वेळा तितकाच आनंद होत होता, मग मी का थांबवू? मला आधीपासून माहीत होतं हे तिला जन्मात सांगू नकोस. सव्वीस जणांना ती सांगणार आहे. सांगू दे. मोजू नकोस.

कारखान्यातली माणसं चांगली आहेत. ढवळ्याला सांग, टक्कल त्याला शोभून दिसेल.

आता पुढचं. भूक लागेल, खा, पण दोघांचं खायचं म्हणून दुप्पट खाऊ नकोस. डोकं दुखेल, पाणी पी. उठताना चक्कर येईल, एकदम उठू नकोस. विजारीचं बटण लागत नाही म्हणून श्वास ओढून लावू नकोस, नवी विजार घे. पोटात फुलपाखरू हललं असं वाटेल ते अजून महिनाभराने. तेव्हा वायू आणि बाळ यांत गोंधळ करून मला जलद टपालाने कळवशील, हे मी धरून चालते.

एक गोष्ट लिहायची होती. सात तारखेला साडेनऊ वाजता मी घरी बसले होते. बसवेना. मग जिन्यात गेले, मग फाटकाशी. दुपारी टपालवाला आला, त्याच्याकडे तुझं पत्र असणं शक्यच नव्हतं, तरी मी त्याला पिशवी पुन्हा तपासायला लावली. आठला लावली, नऊला लावली. दहाला तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गेला. प्रसूतीकक्षाच्या बाहेर एक लांब बाक होता. तिथे बसलेल्या माणसांना मी दिवसातून चार वेळा सांगत असे, "उगाच गर्दी करू नका, घरी जा, काही असलं तर कळवू." ती माणसं घरी का जात नाहीत हे मला कधी कळलं नाही. मी सबंध नोकरी दाराच्या आतल्या बाजूला काढली. या चार दिवसांत मी पहिल्यांदा त्या बाकावर बसले होते.

नऊ डिसेंबरसाठी मी येणार आहे, दोन दिवस आधीच. आत मला बोलावू नका. कक्षात तुझी परिचारिका आहे, ती पुरेशी आहे. मी बसवाल्याच्या आणि वहिनीच्या मध्ये बाकावर बसेन. कोणी येऊन मला घरी जायला सांगितलं तर मी जाणार नाही.

आत्या